पोकळ भिंतीतली गिट्टी

जिप्सम बोर्डाच्या भिंतीत नुसता स्क्रू टिकत नाही. जाड कागदाच्या दोन थरांमध्ये दाबून बसवलेला पांढरा, ठिसूळ जिप्सम, एवढीच ती भिंत. जाडी जेमतेम अर्धा इंच आणि मागे पोकळी. लाकडात स्क्रूचे आटे तंतूंमध्ये रुततात. विटेच्या भिंतीत गिट्टी ठोकली की ती चारही बाजूंनी आवळली जाते. जिप्सममध्ये यातले काहीच होत नाही. आट्यांखाली त्याची भुकटी होते, आणि जोर देऊन पिळलेला स्क्रू दोन बोटांनी ओढला तरी बाहेर येतो. म्हणून अशा भिंतीवर काही टांगायचे तर स्क्रू आणि बोर्ड यांच्यामध्ये तिसरी वस्तू लागते. तिला अँकर म्हणतात. आपल्याकडचे वायरमन आणि सुतार तिच्या प्लास्टिकच्या प्रकाराला गिट्टी, रॉलप्लग किंवा फिशर म्हणतात.

अँकर बसवायचा कसा, याची चित्रे पाकिटावर छापलेली असतात. तो काढायचा कसा, याबद्दल तिथे बहुधा काहीच नसते. भिंतीची खरी नासाडी मात्र काढतानाच होते. पक्कड लावून हिसका दिला की अँकरबरोबर कागदाचा टवका निघतो, आणि पेन्सिलीएवढ्या भोकाचे तळहाताएवढे भगदाड होते. हे टाळता येते. त्यासाठी अँकर भिंतीला कसा धरून बसला आहे, एवढे आधी समजून घ्यावे लागते. प्रत्येक प्रकाराची धरण्याची रीत वेगळी आहे. तो कसा निघेल आणि निघाल्यावर पुन्हा कामाला येईल की नाही, हे त्या रीतीवरच ठरते.

या भिंतीचे घर अमेरिका. ऑगस्टीन सॅकेट यांनी १८९४ मध्ये कागद आणि प्लास्टरचे थर एकावर एक चिकटवलेल्या बोर्डाचे पेटंट घेतले. त्याआधी तिथल्या घरांत लाकडी चौकटीवर बारीक पट्ट्या ठोकून त्यांवर ओल्या गिलाव्याचे थर चढवत. एकेक थर वाळायला वेळ लागे आणि काम आठवडे चाले. सॅकेट यांचा व्यवसाय १९०९ मध्ये युनायटेड स्टेट्स जिप्सम कंपनीने विकत घेतला. १९१७ मध्ये या कंपनीने ‘शीटरॉक’ हे नाव बाजारात आणले. आजही अमेरिकेत कुठल्याही कंपनीच्या बोर्डाला लोक सर्रास शीटरॉक म्हणतात. ओला गिलावा नको, म्हणून ही कोरडी भिंत, ड्रायवॉल. दुसऱ्या महायुद्धानंतर घरे झपाट्याने बांधायची वेळ आली, तेव्हा हा बोर्ड सगळीकडे पसरला. अमेरिका आणि कॅनडातल्या बहुतेक घरांच्या आतल्या भिंती आज याच असतात. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात भाड्याच्या घरात नव्याने राहायला गेलेल्या मराठी कुटुंबाची देव्हाऱ्याची फळी किंवा आजोबांचा फोटो टांगताना या भिंतीशी पहिली ओळख होते. विटेच्या भिंतीत खिळा ठोकायची सवय असलेल्या हाताला ती परकी वाटते.

महाराष्ट्रात जिप्सम बोर्ड मुख्यतः ऑफिसांच्या पार्टिशनमध्ये, दुकानांत आणि फॉल्स सीलिंगमध्ये दिसतो. इथे एक गोंधळ नेहमी होतो. पुण्या-मुंबईच्या नव्या इमारतींत भिंतींना ‘जिप्सम’ केलेले असते, पण तो विटेवर किंवा ब्लॉकवर दिलेला जिप्समचा गिलावा असतो. ती भिंत भरीव असते. पोकळ भिंतीचे अँकर तिथे कामाचे नाहीत. दोन्हींतला फरक कळायला बोटाच्या पेराने टकटक करणे पुरते. भरीव भिंत बद्द वाजते, पार्टिशन डब्यासारखे. तरी शंका उरली तर छोटे भोक पाडून बिटला काय लागते ते पाहावे. थोडी पांढरी पूड आली आणि बिट एकदम आत निसटले, तर मागे पोकळी आहे. पांढऱ्यानंतर लाल पूड आली तर वीट, राखाडी आली तर काँक्रीट किंवा ब्लॉक.

रॉलप्लग आणि फिशर ही दोन्ही नावे माणसांच्या आडनावांवरून आली आहेत. जॉन जोसेफ रॉलिंग्स हे लंडनचे कंत्राटदार. ब्रिटिश म्युझियममध्ये भिंतींना इजा न करता विजेची उपकरणे बसवायची होती. त्या कामाच्या निमित्ताने त्यांनी १९११ च्या सुमारास तागाच्या तंतूंची चिकटवलेली नळी तयार केली. छोट्या भोकात ती बसवायची आणि तिच्यात स्क्रू पिळायचा. नळी फुगून भोकात घट्ट होते. तोवर भिंतीत मोठी खाच पाडून लाकडाची गुट्टी ठोकत. दुसरे नाव जर्मनीच्या आर्टुर फिशर यांचे. त्यांनी १९५८ मध्ये नायलॉनची गिट्टी बनवली. तिला दोन्ही बाजूंना दात आणि मध्ये चीर होती. आज जगभरात दिसणाऱ्या करड्या गिट्टीचा आकार तिथून आला. फिशर यांच्या नावावर अकराशेहून अधिक पेटंटे जमा झाली. ते २०१६ मध्ये वारले. हे दोन्ही शोध भरीव भिंतीसाठी होते. चारही बाजूंनी दाब देणारे साहित्य असेल तरच फुगणारी गिट्टी घट्ट बसते, ही त्यांची मूळ अट आहे. अर्ध्या इंचाच्या बोर्डात ती अट अर्धवटच पुरी होते.

बोर्डाची ताकद कुठे असते, हे त्याचा तुकडा मोडून पाहिले की लगेच कळते. एका बाजूच्या कागदावर धारदार पातीने रेघ ओढून तुकडा मागे वाकवला, तर जिप्सम बिस्किटासारखा सरळ मोडतो. दुसऱ्या बाजूचा कागद मात्र दोन्ही भागांना धरून ठेवतो. तो कापल्याशिवाय तुकडे वेगळे होत नाहीत. वाकताना येणारा ताण कागद पेलतो, दाब जिप्सम पेलतो. भोकाच्या भोवतीचा कागद शाबूत आहे तोवर अँकरला आधार असतो. कागद सोलला गेला की आत उरते ती खडूसारखी वडी. अँकर काढताना वाचवायचा तो हाच कागद.

सर्वांत साधा प्रकार म्हणजे निमुळती, कडांना खाचा असलेली प्लास्टिकची गिट्टी. भोक पाडून ती हातोडीने ठोकतात. स्क्रू आत गेला की तिचे दोन पाय फाकतात आणि बोर्डाच्या मागे थोडे पसरतात. ती काढायची तर स्क्रू आधी पूर्ण काढावा. पाय मिटायला थोडी संधी मिळते. मग तोच स्क्रू दोन-तीन आटे परत पिळावा, इतकाच की पकडायला काहीतरी मिळेल. जास्त पिळला तर पाय पुन्हा फाकतील. आता भिंतीवर पुट्टीची पातळ पत्ती आडवी धरावी आणि मागे खिळे उपटायची खाच असलेली हातोडी तिच्यावर टेकवून स्क्रूचे डोके हळू वर उचलावे. पत्ती नसली तर हातोडीचा कोपरा थेट बोर्डात रुततो आणि चंद्रकोरीएवढा खड्डा पडतो. ओढण्याची दिशा भिंतीला काटकोनात हवी. तिरके ओढले की गिट्टीची कड कागद फाडत बाहेर येते. टोकदार पक्कड असेल तर गिट्टीचा काठ पकडून पाव वळसा इकडे, पाव वळसा तिकडे असे फिरवत बाहेर आणता येते. हा मार्ग संथ आहे, पण भोक सर्वांत स्वच्छ राहते.

गिट्टी हलायलाच तयार नसेल, तर तिच्याशी झुंजण्यात अर्थ नाही. तिचा भिंतीवर टेकलेला पातळ काठ धारदार पातीने कापून टाकावा आणि उरलेला भाग खिळ्याच्या डोक्याने आत ढकलून द्यावा. तो पोकळीत पडून राहतो, कुणाला त्रास देत नाही. भोकही गिट्टीच्या मापाचेच राहते. घाईत असलेला कारागीर हेच करतो, आणि या प्रकारापुरता त्याचा निर्णय बरोबर असतो.

अशी काढलेली गिट्टी पुन्हा वापरावी का? प्रकाशात धरून पाहिली की उत्तर मिळते. पाय जिथे दुमडले होते तिथे प्लास्टिक पांढरट झालेले दिसते. त्या रेघेवर साहित्य ताणले जाऊन कमजोर झालेले असते. पुढच्या वेळी ते तिथेच चिरते. पाय परत जुळत नसतील, दात घासून गेले असतील किंवा आतल्या नळीत स्क्रू सैल फिरत असेल, तर ती टाकून द्यावी. नायलॉनची चांगली गिट्टी आकाराला परत येते. स्वस्त प्लास्टिकची बहुधा येत नाही. तिची किंमत इतकी नगण्य असते की जपून ठेवण्यापेक्षा नवी घेणेच शहाणपणाचे.

दुसरा प्रकार स्वतःच भोक पाडत जाणारा. याला बाहेरून रुंद, उंच आटे असतात आणि टोकाला छोटे पाते. चौफुली स्क्रू-ड्रायव्हरने तो सरळ बोर्डात पिळत जायचा, मग त्याच्या पोटात स्क्रू. हा प्रकार फुगत नाही, फाकत नाही. रुंद आट्यांनी जिप्सममध्ये जागा पकडतो आणि काठाने पुढच्या कागदावर टेकतो. धरण्यासाठी त्याला स्वतःचा आकार बदलावा लागत नाही. म्हणूनच पुन्हा वापरण्याजोग्या अँकरांमध्ये याचा क्रम पहिला लागतो.

तो काढण्याची रीतही सोपी आहे. स्क्रू पूर्ण बाहेर काढावा. मग मोठ्या तोंडाचा चौफुली स्क्रू-ड्रायव्हर अँकरच्या तोंडात घट्ट दाबून, घड्याळाच्या उलट दिशेने सावकाश फिरवावा. दाब कमी पडला तर आतली चौफुली घासून गुळगुळीत होते आणि मग काहीच पकडता येत नाही. मशीन न वापरता हातानेच फिरवलेले बरे. कुठे अडतोय ते हाताला कळते. कधी कधी अँकर जागच्या जागी गरगर फिरतो, पण बाहेर येत नाही. आट्यांनी कापलेला जिप्सम चुरा झाला आहे, हे त्याचे कारण. अशा वेळी काठाखाली पत्ती सरकवून किंचित उचलून धरावे आणि फिरवत राहावे. निघाल्यावर आट्यांत अडकलेला चुरा जुन्या दात घासायच्या ब्रशने झाडावा. टोकाचे पाते तुटले नसेल, आटे चिरले नसतील आणि चौफुली शाबूत असेल, तर तो दुसऱ्या जागी खुशाल बसवावा. टोक बोथट झाले असेल तर आधी बारीक भोक पाडून घ्यावे. हाच प्रकार जस्ताच्या मिश्रधातूचाही मिळतो. तो प्लास्टिकपेक्षा जास्त फेऱ्या सहन करतो.

त्याच भोकात तोच अँकर परत बसवणे मात्र चूक. बाहेर येताना आट्यांनी भोकाच्या भिंती आणखी घासलेल्या असतात. वरून घट्ट वाटला तरी त्याच्याभोवती आता भुकटीच असते. जागा बदलता येत नसेल, तर त्या भोकात एक माप मोठा अँकर किंवा मागे पसरणारा प्रकार घालावा. काही जण आगपेटीच्या काड्या आणि गोंद भरून जुना अँकर घट्ट करतात. लाकडात ही युक्ती चालते. जिप्सममध्ये गोंद धरतो तो भुकटीला, आणि भुकटी कशालाच धरत नाही.

तिसरा प्रकार धातूचा. त्याचे प्रचलित नाव मॉली. पातळ पत्र्याची नळी, तिला लांबीच्या दिशेने चिरा, आत लांब स्क्रू. भोकात घालून स्क्रू पिळला की नळीचे मागचे टोक पुढे ओढले जाते, चिरांमधल्या पट्ट्या बाहेर दुमडतात आणि बोर्डाच्या मागच्या कागदावर पाकळ्यांसारख्या टेकतात. भार एका भोकावर न येता मागच्या मोठ्या क्षेत्रावर वाटला जातो. त्यामुळे मॉली साध्या गिट्टीपेक्षा पुष्कळ अधिक पेलतो.

पुन्हा वापरणे या शब्दाचे दोन अर्थ इथे वेगळे करावे लागतात. मॉली भिंतीत असताना त्याचा स्क्रू कितीही वेळा काढता-घालता येतो, कारण पाकळ्या मागे तशाच दुमडलेल्या राहतात. आरसा उतरवून भिंत रंगवली आणि तोच आरसा परत टांगला, तरी अँकरला काही होत नाही. म्हणजे जागच्या जागी तो हवा तितक्या वेळा वापरता येतो. दुसऱ्या भिंतीवर मात्र एकदाही नाही. दुमडलेला पत्रा सरळ करता येतो, पण वाकवून सरळ केलेला धातू त्या घडीवर कडक आणि ठिसूळ होतो. दुसऱ्यांदा दुमडताना तो तिथेच तुटण्याची शक्यता मोठी.

मॉली काढण्याच्या वाटा दोन. लहान मापाचा असेल, तर स्क्रू काही आटे सैल करावा, पूर्ण काढू नये. मग त्याच्या डोक्यावर हातोडीने हलके ठोके द्यावेत. स्क्रूचे टोक नळीच्या मागच्या भागाला मागे रेटते आणि पाकळ्या थोड्या सरळ होतात. पुरेशा सरळ झाल्या तर पक्कड लावून नळी बाहेर येते. मोठ्या किंवा जुन्या मॉलीला हे जमत नाही. तिथे स्क्रू काढून, नळीच्या तोंडापेक्षा किंचित मोठे धातूचे बिट लावून भिंतीवरचा काठच कापून टाकतात. काठ सुटला की नळी मागे ढकलायची. बिट काठासकट फिरू लागले तर काठ पकडीने धरावा. सुटलेला काठ गरम असतो, त्याला लगेच बोट लावू नये. तिसरा पर्याय न काढण्याचा आहे, आणि भिंत कायमची रंगवून टाकायची असेल तर तोच उत्तम: काठाभोवती पातीने गोल कापून कागद सोडवायचा, काठ हातोडीने दोनेक मिलिमीटर आत बसवायचा आणि वरून भरणी करायची.

चौथा प्रकार टॉगल बोल्ट. बोल्टच्या टोकाला स्प्रिंगचे दोन पंख असतात. मिटून भोकातून आत सारले की मागच्या पोकळीत ते झपकन उघडतात. सगळ्यांत भक्कम पकड याची, आणि भोकही याचेच सर्वांत मोठे. पंख मिटलेल्या अवस्थेत आत जायचे असल्याने पाव इंची बोल्टसाठी पाऊण इंचाच्या आसपास भोक पाडावे लागते. ते भोक झाकायला टांगायच्या वस्तूची पट्टी किंवा रुंद वायसर लागतो.

हा बोल्ट उलटा फिरवत गेले की शेवटच्या आट्यानंतर भिंतीच्या आत खाली कुठेतरी ‘टक्’ असा आवाज येतो. पंख गेले. ते पोकळीत तळाशी पडले. भिंत फोडल्याशिवाय परत मिळत नाहीत, आणि त्यांच्यासाठी भिंत फोडणे योग्यही नाही. बोल्ट हाती राहतो. त्याच मापाचे सुटे पंख मिळतात, ते लावून बोल्ट पुन्हा वापरता येतो. पंख ओढून बाहेर काढायचा प्रयत्न करू नये, कारण ते बोल्टच्या डोक्याकडे मिटतात. आत जाताना त्यामुळे वाट मिळते, पण बाहेर ओढताना ते उघडून अडकतात. म्हणजे मॉलीच्या नेमके उलटे. टॉगलचा बोल्ट एकदा काढला की जागच्या जागी वापर संपतो. फोटो उतरवून भिंत पुसायची असेल तरीसुद्धा हे लक्षात ठेवावे लागते.

ही अडचण ओळखून आलेला प्रकार म्हणजे प्लास्टिकच्या दोन पट्ट्यांना जोडलेली धातूची छोटी आडवी पट्टी. ती भोकातून आत घालून पट्ट्यांनी ओढून धरायची, एक चकती पुढे सरकवून भिंतीला टेकवायची आणि जास्तीच्या पट्ट्या मोडून टाकायच्या. बोल्ट काढला तरी धातूची पट्टी जागेवर राहते. पण पट्ट्या एकदा मोडल्यावर हा अँकर दुसऱ्या भोकात नेता येत नाही. काढायचा तर चकती कापून सगळे मागे ढकलून द्यावे लागते.

या सगळ्या प्रकारांतून एकच नियम दिसतो. धरण्यासाठी ज्याला वाकावे, फाटावे किंवा मोडावे लागले, तो अँकर दुसऱ्या जागी नेता येत नाही. आकार न बदलता आट्यांनी किंवा बिजागरीने धरणारा नेता येतो, निदान त्याचा जो भाग हाती राहतो तो. दुकानात अँकर घेतानाच हे डोक्यात असले, तर भाड्याच्या घरासाठी कोणता निवडावा, हा प्रश्नच उरत नाही.

वापरलेला अँकर किती वजन पेलेल, याचा अंदाज पाकिटावरच्या आकड्यावरून बांधू नये. तो आकडा बहुधा नव्या अँकरचा आणि नव्या, कोरड्या बोर्डाचा असतो, आणि पुष्कळदा अँकर निखळेपर्यंत ताणून काढलेला असतो. प्रत्यक्षात त्याच्या चौथ्या हिश्शाइतकाच भार टाकण्याचा प्रघात आहे. जुन्या अँकरसाठी त्याहूनही खाली राहावे. वजन कोणत्या दिशेने ओढते, हेही तितकेच महत्त्वाचे. भिंतीला सपाट टेकलेली तसबीर स्क्रूला मुख्यतः खाली ओढते. फळी त्याला बाहेर ओढते. समजा, फळीवर १० किलो वजन आहे आणि ते भिंतीपासून सरासरी १५ सेंटिमीटरवर येते. ब्रॅकेटच्या खालच्या टोकापासून वरचा स्क्रू १० सेंटिमीटरवर असेल, तर वरच्या स्क्रूंवर मिळून १५ किलोची बाहेरची ओढ येते. ब्रॅकेट दोन असतील तर प्रत्येकावर साडेसात. हेच ब्रॅकेट दुप्पट उंच असेल तर ओढ निम्मी होते. उंच ब्रॅकेट घेतल्याने जो फरक पडतो, तो महागडा अँकर घेऊनही पडत नाही.

टीव्ही, पुस्तकांचे कपाट, मूल चढू शकेल अशी कोणतीही वस्तू यांसाठी वापरलेला अँकर अजिबात नको. नवाही शक्यतो नको. तिथे बोर्डामागचा खांब शोधावा आणि स्क्रू सरळ त्यात घालावा. अमेरिकेतल्या घरांत हे लाकडी खांब बहुधा मध्यापासून मध्यापर्यंत १६ इंचांवर असतात, काही ठिकाणी २४ इंचांवर. आपल्याकडच्या पार्टिशनमध्ये पत्र्याचे उभे चॅनल असतात, साधारण दोन फुटांवर. छोटे लोहचुंबक भिंतीवरून फिरवले की बोर्ड ज्या स्क्रूंनी ठोकला आहे त्यांच्यावर ते चिकटते आणि खांबाची रेषा मिळते. छताला लावलेल्या बोर्डाचा नियम आणखी कडक आहे. तिथे वजन सतत सरळ खाली खेचत असते. फुगणारी गिट्टी हळूहळू सुटते आणि एके दिवशी पडते. पंखा किंवा झुंबर कधीही फॉल्स सीलिंगच्या बोर्डाला नसते, वरच्या स्लॅबला असते.

जुने भोक भरण्याआधी त्याचा काठ दुरुस्त करावा लागतो. अँकर निघताना कागदाची कड बाहेर उचलली जाते आणि भोकाभोवती ज्वालामुखीच्या तोंडासारखा उंचवटा राहतो. त्यावर कितीही भरणी केली तरी फुगा दिसणारच. हातोडीच्या मुठीचे गोल टोक भोकावर ठेवून दाबत फिरवले की उंचवटा आत बसतो आणि उथळ वाटी तयार होते. लोंबणारे कागदाचे तुकडे ओढू नयेत. ओढले की पट्टी सोलत जाते. पातीने कापावेत. मग जॉइंट कंपाऊंड किंवा तयार भरणी पत्तीने दाबून भरावी. पहिला थर वाळला की आकसतो आणि मध्ये खळगा पडतो, म्हणून दुसरा थर लागतोच. जिप्समच्या बोर्डाला जिप्समचीच लांबी जमते. आपल्याकडे पीओपी हाताशी असते, ते चालते, पण मिनिटांत घट्ट होते, तेव्हा एका वेळी चमचाभरच कालवावे. टॉगलच्या मोठ्या भोकावर नुसती भरणी आत ढासळते. तिथे चिकट जाळीचा तुकडा लावून त्यावर थर द्यावेत. किंवा बोर्डाचा छोटा चौकोन कापून त्याच्या कडांवरचा जिप्सम खरवडून काढावा आणि पुढचा कागद तेवढा झालरीसारखा राखावा. तो चौकोन भोकात बसतो आणि झालर लांबीने भिंतीला चिकटते. हे ठिगळ नीट बसले, तर नंतर बोटाने चाचपूनही सापडत नाही.

घासण्याआधी घराचे वय पाहावे. अमेरिकेत भरणीच्या मिश्रणात ॲस्बेस्टॉस वापरायला १९७७ मध्ये बंदी आली, आणि घरच्या रंगात शिसे वापरायला १९७८ मध्ये. त्याआधीच्या घरात कोरडे घासू नये. ओल्या स्पंजाने काठ सपाट करावा, आणि मोठे काम असेल तर आधी तपासणी करून घ्यावी. नव्या घरातही धूळ नाकात जाऊ देऊ नये, मुखपट्टी बांधावी. भोक पाडताना दुसरा धोका विजेचा असतो. स्विचच्या सरळ वर आणि सरळ खाली वायर असण्याची शक्यता सर्वांत जास्त. तिथे ड्रिल लावण्याआधी त्या खोलीचा एमसीबी पाडावा. न्हाणीघराच्या किंवा स्वयंपाकघराच्या भिंतीमागे पाइप असू शकतो. शिवाय तिथला बोर्ड ओलाव्याने मऊ झालेला असेल तर त्यात कोणताच अँकर टिकत नाही. बोटाने दाबून दबणारा, डाग पडलेला बोर्ड बदलावाच लागतो.

काही भोके भरणे ही केवळ दिसण्याची बाब नसते. जिप्समच्या स्फटिकांत वजनाच्या सुमारे २१ टक्के पाणी बांधलेले असते. आग लागली की ते वाफ होऊन निघते, आणि ते निघेपर्यंत बोर्डाच्या पलीकडची बाजू फारशी तापत नाही. अमेरिकेत घर आणि गॅरेज यांच्यामधल्या किंवा दोन सदनिकांमधल्या भिंतीला म्हणूनच आग रोखण्याचे काम दिलेले असते, आणि तिथे पुष्कळदा पाच-अष्टमांश इंच जाडीचा खास बोर्ड असतो. अशा भिंतीत उघडी राहिलेली भोके आगीला वाट देतात. ती आतपर्यंत भरावीत. नुसता वरून रंगाचा हात देऊ नये.

भाड्याचे घर सोडताना या भोकांचा हिशेब अनामत रकमेशी येतो. कॅलिफोर्नियात घरमालकाला २१ दिवसांत कापलेल्या रकमेचा तपशील देऊन उरलेली रक्कम परत करावी लागते. न्यू जर्सीत ही मुदत साधारणपणे ३० दिवसांची. नेहमीच्या वापराने होणारी झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही. टाचणीचे किंवा बारीक खिळ्याचे भोक बहुधा त्यात मोडते. टॉगलचे भोक मोडत नाही. काही करारांत अँकर तसेच ठेवून जावे, असे लिहिलेले असते, तर काहींत ते काढून भिंत पूर्ववत करावी, असे. करार आधी वाचून मगच पक्कड हातात घ्यावी.

भरणी वाळली, बारीक सँडपेपरने घासली, की लगेच रंग लावायचा मोह होतो. कोरी भरणी रंग शोषून घेते आणि तो ठिपका भिंतीवर फिका, निस्तेज दिसतो. आधी प्रायमरचा हात द्यावा. घर घेताना उरलेला रंगाचा डबा असेल तर त्यातलाच रंग घ्यावा. तो नसेल, तर जुन्या भोकाच्या काठावरचा नखाएवढा रंगीत कागद दुकानात दाखवला की रंग जुळवून मिळतो. रंग ब्रशने न लावता छोट्या रोलरने लावावा, कारण मूळ भिंत रोलरनेच रंगवलेली असते आणि ब्रशची रेघ खिडकीच्या तिरक्या उजेडात उठून दिसते.